बैलांची आगगाडी: डभोईच्या रुळांनी इंजिनाला दहा वर्षं का थांबवलं?

रावपुरेकर

परवा घरी पुण्याचे पाहुणे होते. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या बडोद्याची ती भारतातली पहिली नॅरो गेज ना? बैल ओढायचे म्हणे!" आणि मोठ्यानं हसले. मी चहा गाळत होतो, म्हणून गप्प बसलो. हा धागा म्हणजे त्या हसण्याला जरा उशिरानं दिलेलं उत्तर समजा.

गोष्ट खरीच आहे. खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही २० मैलांची लाइन टाकली. रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट. सुरतेकडून येणारी बीबी अँड सीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मोठी लाइन मियागामवरून जात होती, डभोईच्या आसपास कपाशी पिकत होती आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. तो मियागामपर्यंत नेऊन मोठ्या गाडीत चढवायचा, एवढंच या लाइनीचं काम.

आता बैल का? राजाला इंजिन परवडत नव्हतं असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं आधी खंडेरावांच्या जडजवाहिराविषयी वाचावं. खरं कारण रुळात आहे. ते रूळ यार्डाला १३ पौंड वजनाचे होते, म्हणजे तीन फूट लांबीला जेमतेम सहा किलो. वीस फुटांचा तुकडा धरला तर ४० किलो, एका हमालाच्या खांद्यावरचं पोतं. आज ब्रॉड गेजला मीटरला ६० किलोचा रूळ असतो. त्या हिशेबात डभोईचा रूळ मीटरला साडेसहा किलोही भरत नाही.

आणि इंजिन आणलंच नाही असंही नाही. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली. ती रुळांना पेलेनात. परत बैल जुंपले. १८७३ मध्ये जड रूळ टाकले, तेव्हा कुठे नियमित वाफेची गाडी सुरू झाली.

म्हणजे इंजिन आधी आलं आणि दहा वर्षं रुळांची वाट बघत बसलं. नॅरो गेजचा सगळा इतिहास मला तरी याच एका वाक्यात दिसतो. लोक इंजिनाचे फोटो काढतात, रुळाकडे कुणी बघत नाही.

ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी लिहा. आठवणी चालतील, पण "असं म्हणतात" जरा कमी.

वाचनमात्र

पण मग त्याला रेल्वे तरी कशाला म्हणायचं? रुळावरची बैलगाडीच झाली की ती.

रावपुरेकर

म्हणा खुशाल. पण मग वेल्समधल्या फेस्टिनियोगलाही म्हणावं लागेल. जेमतेम दोन फुटांची ती पाटीच्या दगडांची लाइन १८३६ मध्ये सुरू झाली. भरलेले डबे उतारावरून आपोआप खाली यायचे आणि रिकामे डबे घोडे वर ओढून न्यायचे. खाली येताना घोड्यांना गाडीच्या मागच्या डब्यात उभं करून आणायचे! तिथे इंजिन कधी आलं? १८६३ मध्ये. तोवर इतक्या अरुंद रुळांवर वाफेचं इंजिन धड चालेल यावर विलायतेतल्या इंजिनियरांचाही विश्वास नव्हता.

म्हणजे खंडेरावांनी लाइन टाकली तेव्हा जगात कुणाकडेच याचं तयार उत्तर नव्हतं. पाहुण्यांना हे सांगायचं राहिलं, याची रुखरुख आहे.

सयाजीभक्त

महाराजांची दूरदृष्टी! सयाजीराव नसते तर बडोद्याला रेल्वे दिसली नसती 🙏

रावपुरेकर

सयाजीरावांविषयी आदर आहेच, माझं शिक्षण त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात झालं. पण १८६२ मध्ये त्यांचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. दत्तक येऊन गादीवर बसले ते १८७५ ला.

आणि गंमत बघा. वाफेची गाडी १८७३ ला सुरू झाली तेव्हा गादीवर कोण होतं? मल्हारराव. सोन्याच्या तोफा आणि इंग्रज रेसिडेंट फेअरवर विषप्रयोगाचा आरोप, याखेरीज ज्यांचं नाव बडोद्यात कुणी काढत नाही तेच. त्यांच्या राज्यात काय काय वाईट झालं त्याची यादी मोठी आहे, मान्य. पण डभोईच्या नियमित वाफेच्या गाडीची पहिली शिट्टी त्यांच्याच काळातली. इतिहास आपल्या सोयीनं पुतळे वाटत नाही.

सयाजीरावांच्या काळात लाइनींचं जाळं झालं हे मात्र खरं. १८७९ ला चांदोद आणि बहादरपूर, १८८० ला गोयागेट, मग विश्वामित्री. डभोईला चारही बाजूंनी छोट्या गाड्या येऊ लागल्या त्या तेव्हापासून.

डभोईचा_भाचा

माझं आजोळ डभोईजवळच्या एका खेड्यात. मामांच्या वाड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. पूर्वी गावच्या शाळेत तोच घंटा म्हणून वाजायचा. शाळेला नवीन घंटा आली तेव्हा मामांनी तो मागून आणला. आता त्यावर लोखंडी खिळा आपटून जेवायला बोलावतात. हा बैलांच्या लाइनीचा असू शकेल का?

रावपुरेकर

अहो भाचेबुवा, तो खाली उतरवा आणि वजन करा! लांबी मोजा. दोनच आकडे पाहिजेत.

डभोईचा_भाचा

मामांना विचारतो. त्यांचा त्या घंटेवर फार जीव आहे.

भिया_इंदूरवाले

आमच्या इंदूरच्या छोट्या लाइनीचं कुणी नाव काढत नाहीये, भिया! दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर लाइनीसाठी इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं. राजानं इंग्रजांना कर्ज दिलं, उलटं नाही. साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीचं. जमीन फुकट. आणि पहिलं इंजिन हत्तींनी ओढत शहरात आणलं. तुमचे बैल, आमचे हत्ती!

रावपुरेकर

हत्तींना नमस्कार. पण भिया, तुमची लाइन मीटर गेज. एक हजार मिलीमीटर. छोटी दिसते, पण आपल्या इथल्या हिशेबात ती नॅरो गेज नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ आणि दोन फूट म्हणजे ६१० मिलीमीटर, नॅरो गेज म्हणजे या दोन.

भिया_इंदूरवाले

आम्ही लहानपणापासून छोटी लाइनच म्हणतो. पातालपाणीच्या घाटात बसून बघा, मग गेज विचारा. पोहे-जिलेबी खात वाचतो पुढचं.

फायरमनचा_नातू

माझे आजोबा प्रतापनगरला फायरमन होते. मांजलपूरला राहायला आलो तरी ते शेवटपर्यंत गोयागेटच म्हणत, प्रतापनगर कधीच म्हटलं नाही. त्यांच्याकडून जेवढं ऐकलं ते लिहितो.

गाडी सकाळची असली तरी फायरमनची रात्र अर्ध्यातच संपायची. थंड इंजिनात वाफ धरायला काही तास लागतात. आधी लाकडं, चिंध्या, मग कोळसा. घाई केली तर बॉयलरचं लोखंड एकदम तापून नळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर गाडी असेल तर आग विझवत नसत. कोळसा एका बाजूला लोटून रात्रभर निखारा धरून ठेवायचा. आजोबा म्हणायचे, "इंजिन झोपवायचं नाही, डुलकी घेऊ द्यायची."

कोळसा "टाकायचा" नसतो, "पसरायचा" असतो, हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. कोपरे भरलेले, मधे पातळ, आग पांढरट दिसली पाहिजे. धूर काळा निघाला म्हणजे फायरमन कच्चा. प्लॅटफॉर्मवरच्या पोरांना काळा धूर आवडायचा आणि आजोबांना त्याची लाज वाटायची.

त्याहून मोठी काळजी पाण्याची. बॉयलरवर काचेची उभी नळी असते, त्यात पाण्याची पातळी दिसते. नॅरो गेजचं बॉयलर लहान, त्यामुळे पातळी भराभर उतरते. मोठ्या इंजिनात चूक सुधारायला वेळ मिळतो, छोट्यात नाही. आगपेटीच्या वरच्या पत्र्यावर पाणी राहिलं नाही तर पत्रा लाल होऊन बॉयलर फुटू शकतो. म्हणून त्या पत्र्यात शिशासारख्या मऊ धातूची एक गुडदी बसवलेली असते. पाणी उतरलं की ती वितळते आणि वाफ थेट आगीवर येऊन आग विझते. माणसं वाचतात. पण गुडदी वितळली म्हणजे फायरमनची चौकशी ठरलेली. आजोबांच्या आयुष्यात ती एकदाही वितळली नाही. पेन्शनपेक्षा त्यांना याचा अभिमान जास्त.

बॉयलरमध्ये आधीच दाबाखाली वाफ असते, तरी तिच्याच जोरावर बाहेरचं पाणी आत ढकलणारं यंत्र म्हणजे इंजेक्टर. आत एकही हलणारा भाग नाही. मी इंजिनियरिंगला होतो तेव्हा ते कसं चालतं हे त्यांना समजावून सांगायला गेलो. ते म्हणाले, "ते तू परीक्षेत लिही. मला तो आवाजावरून कळतो, पाणी घेतोय की नुसता थुंकतोय."

अमावास्येला चांदोदला गर्दी. नर्मदेच्या स्नानाला आणि पलीकडे कुबेराच्या दर्शनाला निघालेली माणसं दाराला लोंबकळत. पावसाळ्यात रूळ ओला, डबे भरलेले. चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली की वाळू सोडायची. वाळू कोरडी ठेवणं हेही एक काम. आजी सांगायची की एकदा आजोबांनी शेडची वाळू ओली म्हणून आमच्या चुलीवर वाळू भाजायला ठेवली होती. खरंखोटं देव जाणे, पण आजोबांनी कधी नाकारलं नाही.

लष्करवाली

फायरमनचा_नातू, काय सुंदर लिहिलंत! वाळू भाजणारे आजोबा माझ्या मनातून जाणार नाहीत.

आता ग्वाल्हेरचं ऐका. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, दाणाओळीतली. आमची लाइन तुमच्यापेक्षाही अरुंद, दोन फुटी. आधी माधवराव महाराजांची हौस म्हणून राजवाड्याच्या आवारात गाडी आली. महाराज स्वतः इंजिन चालवायचे. पुढे हौसेची लाइन झाली. १८९९ ला भिंड आणि शिवपुरीकडे गाड्या निघाल्या आणि श्योपूरला १९०९ मध्ये पोचल्या. ग्वाल्हेर ते श्योपूर कलां जवळजवळ २०० किलोमीटर. दोन फुटी रुळांवर एवढा लांबचा प्रवास जगात क्वचितच कुठे होता.

जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी सगळ्यांना माहीत असते. जेवणाच्या टेबलावर फिरते, डब्यांवर सिंदिया नावाची एकेक अक्षरं, त्यात दारूच्या सुरया आणि सिगार. सुरई उचलली की थांबते, ठेवली की चालते. पाहुणे ती बघून "वाह" करतात आणि बाहेर येऊन खऱ्या गाडीची चौकशीही करत नाहीत. बरं, ती चांदीची गाडी विजेवर चालते! वाफेची खरी गाडी बाहेर, घोसीपुऱ्याच्या बाजूनं, झाडांच्या फांद्या घासत जायची.

आम्ही लहानपणी सबलगडला आत्याकडे जायचो. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा. छपरावर माणसं, बकऱ्या, दुधाच्या कॅन. आई आम्हाला पांढरे कपडे घालू द्यायची नाही, डोळ्यात कोळशाचा कण गेला की पदराचं टोक फुंकरीनं गरम करून डोळ्याला लावायची. जौरा, कैलारस ही नावं मला अजून त्याच क्रमानं पाठ आहेत.

पुढे ऐंशीच्या दशकाअखेर चित्तरंजनची डिझेल इंजिनं आली. कपडे पांढरे राहू लागले. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउनला गाडी थांबली ती परत निघालीच नाही. आता तिथे ब्रॉड गेज होते आहे. सोय आहे, मी नाही म्हणत नाही.

वाचनमात्र

ग्वाल्हेरची दोन फुटी आणि बडोद्याची अडीच. सहा इंचांनी असा काय फरक पडतो?

कुर्डुवाडी_जंक्शन

याचं उत्तर मी देतो. नोकरीमुळे गेली वीस वर्षं बडोद्यात, पण मूळ बार्शीचा. आणि रावपुरेकरांचं जे म्हणणं आहे की रूळ बघा, त्याचं सगळ्यात चोख उत्तर आमच्या बार्शी लाइट रेल्वेत आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर. त्यानं असा विचार केला: रूळ तुटतो तो पूर्ण गाडीच्या वजनानं नाही, एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, जेवढा भार येतो त्यानं. मग इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुणाच्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. असं केलं की ३० पौंडी हलका रूळ पुरतो, तरी गाडी चांगली लांब काढता येते. आधी रूळ ठरवला आणि मग त्याला शोभेल असं इंजिन बनवून घेतलं. लीड्सच्या किटसन कंपनीनं ते केलं. जोडलेली आठ चाकं, म्हणजे चार आस. पाच चोक वीस टनांचं वजन ओढणाऱ्या चाकांवर मिळतं आणि मागे आणखी चार छोटी चाकं कोळसा-पाण्याचा भार उचलतात. ०-८-४ म्हणतात ते हेच: पुढे शून्य, मधे आठ, मागे चार.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढीला वारकरी मालाच्या वाघिणींतून जायचे. आमच्याकडे लोक गाडीला नावं ठेवायचे की उतरून शेतात शेंगा खाऊन परत गाडी पकडता येते. ठेवू देत. त्या गाडीचा नमुना पुढे विलायतेत गेला. लीक अँड मॅनिफोल्ड नावाच्या तिकडच्या लाइनीची इंजिनं बार्शीवरून सुचलेली आहेत.

सहा इंचांचं म्हणाल तर, गेज अरुंद म्हणजे वळण आणखी आखूड घेता येतं, भराव आणि पूल स्वस्तात होतात. पण आगपेटी चाकांच्या मधे बसवायची तर तिलाही तेवढीच जागा. दोन फुटांत ती फार चिंचोळी होते. अडीच फुटांत फायरमनला जरा श्वास घेता येतो.

फायरमनचा_नातू

पाच चोक वीस! हे आजोबांना ऐकवायला हवं होतं.

माझ्याकडून एक भर. छोट्या गाडीची चाकंही छोटी, आणि ती फक्त जागेमुळे नाही. दट्ट्याच्या एका फेरीत चाकाचा एकच वळसा होतो. चाक लहान असेल तर गाडी कमी पुढे जाते पण ओढायला जोर जास्त मिळतो. सायकलचं खालचं गिअर म्हणा. म्हणून या गाड्या हळू, पण चढावर हटत नाहीत.

वाचनमात्र

मग माथेरान?

कुर्डुवाडी_जंक्शन

माथेरान १९०७, दोन फुटी, आदमजी पीरभॉय कुटुंबाचं काम. तिथे चढ २० फुटांला एक फूट आणि वळणं इतकी आखूड की साधं सहाचाकी इंजिन अडकून बसेल. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं दिलेल्या चार इंजिनांत, ७३८ ते ७४१, टोकाचे आस वळणावर जरा सरकू शकतील अशी सोय होती. तिथे वजनापेक्षा वळणाचं दुखणं मोठं होतं. प्रत्येक लाइनीचं दुखणं वेगळं, म्हणून इंजिनंही वेगळी.

लष्करवाली

एक विचारू का? या सगळ्यात संस्थानिकांचीच नावं. रूळ वाहून नेणाऱ्या, खडी फोडणाऱ्या माणसांचं एकही नाव नाही.

रावपुरेकर

नाही. आणि बैलांच्या जोड्या हाकणाऱ्यांचंही नाही. फायरमनच्या नातवानं जे लिहिलं ते म्हणूनच मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवलंय.

डभोईचा_भाचा

मंडळी, वजन झालं! मामा आधी ऐकेनात. म्हणाले, खाली उतरवलं की आवाज बिघडतो. शेवटी मामींनी सांगितलं, एक दिवस मी हाक मारीन जेवायला, काढू दे पोराला.

किराणा दुकानाचा काटा आणला. लांबी १५ इंच. वजन ५ किलो ७०० ग्रॅम. गंज आणि रंग धरून.

कुर्डुवाडी_जंक्शन

थांबा. १५ इंचांना ५.७, म्हणजे ३६ इंचांना १३.६८ किलो. पौंडांत ३० च्या आसपास. ३० पौंडी रूळ!

रावपुरेकर

बैलांचा असता तर तेवढाच तुकडा अडीच किलोच भरला असता. म्हणजे हा बैलांचा नाही, इंजिनाचा. भाचेबुवा, निराश होऊ नका, याच्या अंगावरून वाफेची गाडी गेलीय.

डभोईचा_भाचा

निराश कसला! मामांना सांगितलं तर म्हणाले, "ते मला आवाजावरूनच माहीत होतं." परत टांगलाय. फक्त दोरी नवीन बांधली, त्यामुळे आवाज खरंच जरा बदललाय. मामी हसतायत, मामा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीयेत.